मधली शाळा बंद होते तेव्हा

शाळेकडून ईमेल येतो. विषयाच्या जागी ‘शाळेच्या वयोगटात प्रस्तावित बदल’ असं काहीतरी, सोबत कौन्सिलचा पंधरा-वीस पानांचा दस्तऐवज आणि शेवटी मत कळवण्याची मुदत. संध्याकाळपर्यंत पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडलेले असतात. एक ‘मिडल स्कूल वाचवा’ म्हणणारा, दुसरा ‘बाकी देशात अकराव्या वर्षी शाळा बदलते, आपल्याकडेच का तेराव्या?’ असं विचारणारा. आपली मराठी मंडळी बहुधा गप्प असतात. नोकरीसाठी इंग्लंडला आलेलो आहोत, उद्या कुठे जावं लागेल सांगता येत नाही, हे एक कारण. दुसरं म्हणजे ही तीन स्तरांची भानगड नक्की काय आहे ते कुणी नीट सांगितलेलंच नसतं.

हा लेख त्या गप्प बसणाऱ्या पालकांसाठी. तीन स्तर चांगले की दोन, हा वाद इंग्लंडमध्ये पन्नास वर्षं चालू आहे आणि तुमच्या-माझ्या मतामुळे तो मिटणार नाही. बदलाच्या दोन-तीन वर्षांत आपलं मूल कुठल्या वर्गात असेल, कुठल्या इमारतीत बसेल आणि त्याला कोण शिकवेल, हे मात्र आपण आधी शोधून काढू शकतो आणि त्याबद्दल प्रश्न विचारू शकतो. दोन्ही पद्धतींत मुलं शिकून मोठी झाली आहेत. फटका बसतो तो पद्धत बदलतानाच्या मधल्या तुकड्यांना. माझं मत इतकंच आहे आणि पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आधी मांडणी. इंग्लंडच्या बहुतेक भागांत मूल चार-पाच वर्षांचं असताना प्रायमरीत जातं आणि इयर सिक्स संपवून अकराव्या वर्षी सेकंडरीत. काही मोजक्या भागांत तीन टप्पे आहेत. फर्स्ट स्कूल इयर फोरपर्यंत, म्हणजे नवव्या वर्षापर्यंत. मिडल स्कूल इयर फाइव्ह ते एट. आणि तेराव्या वर्षी अप्पर किंवा हायस्कूल. बेडफर्डशरात फर्स्टला ‘लोअर’ म्हणतात. विंडसर, ब्रॉम्सग्रोव्ह, न्यूकॅसलचा गॉसफर्थ, नॉर्थम्बरलँडचा काही भाग, इथे मिडल स्कूल अजून आहेत.

भारतातून नुकत्याच आलेल्यांचा हिशेब वर्गाच्या आकड्यापाशीच चुकतो. इयर फाइव्ह म्हणजे पाचवी असं आपण धरून चालतो. वयाने ती आपली चौथी आहे. १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट या बारा महिन्यांत जन्मलेली मुलं इथे एका वर्गात बसतात, आधी काय पास झालं याला फारसं महत्त्व नसतं. पुण्यात चौथी पास झालेली मुलगी जूनमध्ये इथे आली तर सप्टेंबरात ती बहुधा इयर सिक्समध्ये जाईल. तीन स्तरांच्या गावात ते मिडल स्कूलचं दुसरं वर्ष असेल आणि दोन स्तरांच्या गावात प्रायमरीचं शेवटचं. तेव्हा कौन्सिलच्या कागदावर ‘इयर फाइव्ह’ दिसलं की आधी मुलाची जन्मतारीख समोर ठेवा. शाळा अधेमधे बदलणं ही कल्पना मात्र आपल्याला परकी नाही. आपल्यातले कितीतरी जण चौथीपर्यंत जिल्हा परिषदेच्या किंवा पालिकेच्या शाळेत शिकून पाचवीला हायस्कुलात गेलेले आहेत.

इथल्या मिडल स्कूल आल्या कुठून, हे माहीत असलं की कौन्सिलचा दस्तऐवज वाचायला सोपा जातो. १९४४ च्या शिक्षण कायद्याने शाळा बदलण्याचं वय साधारण अकरा ठरवून टाकलं होतं. यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंगचे शिक्षणाधिकारी ॲलेक क्लेग यांनी मधल्या शाळेचा आग्रह धरला, १९६४ च्या कायद्याने तशी मुभा दिली आणि १९६८ मध्ये त्यांच्याच भागात पहिल्या मिडल स्कूल सुरू झाल्या. त्याच्या आदल्या वर्षी, १९६७ मध्ये, ब्रिजेट प्लाउडन यांच्या समितीचा अहवाल आला. अकराव्या वर्षी मुलांना बालपणातून उपटून मोठ्या शाळेत टाकू नये, थोडं थांबावं, असं त्यात म्हटलं होतं. हा झाला विचार. व्यवहार असा होता की त्याच सुमारास सरकारने परीक्षेने मुलं निवडणाऱ्या ग्रामर आणि उरलेल्यांसाठीच्या सेकंडरी मॉडर्न या वेगवेगळ्या शाळा मोडून सगळ्यांसाठी एकच काँप्रिहेन्सिव्ह शाळा करायला सांगितलं, आणि जुन्या इमारतींपैकी बऱ्याच अकरा ते अठरा वयाची सगळी मुलं मावतील एवढ्या मोठ्या नव्हत्या. मुलांची तीन शाळांत वाटणी केली की आहे त्या इमारतींत भागत होतं. बालमानसशास्त्र आणि विटा-सिमेंट यांचा असा संगम शिक्षणखात्यात नवा नाही, आपल्याकडेही नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मिडल स्कूल १,४०० च्या आसपास होत्या. आज शंभराच्या आगेमागे उरल्या आहेत.

गळती लागली ती दोन कारणांनी. जन्मदर घसरला, वर्ग रिकामे पडू लागले, आणि तीन शाळांच्या जागी दोन चालवणं स्वस्त पडतं हे कौन्सिलांच्या ध्यानात आलं. मग १९८८ चा शिक्षण सुधारणा कायदा आला. त्याने अभ्यासक्रमाचे जे टप्पे पाडले त्यातली दुसरी की स्टेज इयर सिक्सला, अकराव्या वर्षी संपते आणि तिथेच सॅट्सची परीक्षा असते. मिडल स्कूल या रेषेच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभी. मुलं तिथे येतात तेव्हा परीक्षेला दोन वर्षंही उरलेली नसतात, आणि तिसऱ्या की स्टेजची पहिली दोन वर्षं झाली की ती अप्परला निघून जातात. अप्परची अडचण आणखी वेगळी. तिथे मूल इयर नाइनला येतं आणि जीसीएसईचे विषय निवडायची वेळ अनेक ठिकाणी त्याच वर्षी येते, शिक्षकांना त्याचं नाव नीट पाठ झालेलं नसताना. वर, शाळांची तुलना करणारा ‘प्रोग्रेस एट’ हा आकडा इयर सिक्सपासूनची प्रगती मोजतो; त्यातल्या दोन वर्षांत मूल अप्परमध्ये नव्हतंच.

मिडलच्या बाजूनेही सांगण्यासारखं पुष्कळ आहे. नवव्या वर्षी विज्ञानाची खरी प्रयोगशाळा, लाकूडकामाची कार्यशाळा, फ्रेंच आणि संगीताला त्या त्या विषयाचे शिक्षक. प्रायमरीत बहुतेक विषय एकच वर्गशिक्षिका शिकवते आणि प्रयोगशाळा नसते. शिवाय बारा वर्षांचं मूल अठरा वर्षांच्या मुलांबरोबर एकाच कॅंटीनच्या रांगेत उभं राहत नाही, याचं मोल प्रत्येक आई-बापाला कळतं.

दोन स्तर आले म्हणजे निकाल आपोआप सुधारले, असं मात्र नाही. आइल ऑफ वाइटने २०११ पर्यंत आपल्या मिडल स्कूल बंद केल्या आणि २०१३ मध्ये बेटावरच्या शाळांची अवस्था इतकी वाईट निघाली की शिक्षणाचा कारभार हॅम्पशर कौन्सिलच्या हाती द्यावा लागला. त्याचं खापर केवळ बदलावर फोडणं बरोबर नाही, पण सभेत कुणी ‘दोन स्तर म्हणजे चांगले निकाल’ असं ठणकावून सांगू लागलं तर हे बेट आठवावं.

आता कामाचं. कौन्सिलच्या दस्तऐवजात कुठेतरी एक तक्ता असतो, अनेकदा शेवटच्या पानांवर. कुठल्या सप्टेंबरात कुठला इयर कुठल्या शाळेत, एवढंच त्यात असतं. बाकीचं नंतर वाचा, आधी तो तक्ता काढा आणि त्यात मुलाच्या ओळीवर बोट ठेवा.

एक उदाहरण घेऊ. समजा, २०२७ च्या सप्टेंबरात फर्स्ट स्कूल आपली इयर फाइव्हची मुलं स्वतःकडेच ठेवू लागते, आणि २०२८ च्या ऑगस्टअखेर मिडल बंद होऊन तिथली सगळी मुलं अप्परला जातात. २०२६-२७ मध्ये तुमचं मूल इयर थ्रीमध्ये असेल तर काळजीचं कारण नाही. ते त्याच शाळेत शिकत राहील आणि तोवर शाळेची घडी थोडी बसलेली असेल. इयर फोरमध्ये असेल तर ते नव्या प्रायमरीची पहिली तुकडी होईल. सलग दोन वर्षं शाळेत सगळ्यात मोठं तेच, आणि २०२९ च्या मे महिन्यात ज्या शाळेने आजवर इयर सिक्सची सॅट्स घेतलेलीच नाही तिथली पहिली सॅट्स त्याचीच. या शाळेत इयर सिक्स कोण शिकवणार, त्या शिक्षकाने तो वर्ग आधी कुठे शिकवला आहे का, हा प्रश्न या पालकांनी विचारायचाच. सहसा मिडलमधले शिक्षक प्रायमरीत घेतले जातात. तसं ठरलं असेल तर निम्मी चिंता मिटते.

सगळ्यात अवघड जागा इयर फाइव्हवाल्यांची. २०२६ च्या सप्टेंबरात मिडलला गेलेली ही शेवटची तुकडी. दुसऱ्या वर्षी त्यांच्या खालचा वर्ग येतच नाही. ही मुलं बंद होणाऱ्या शाळेत सॅट्स देतील आणि लगेच अप्परला जातील; मिडलची दोनच वर्षं त्यांच्या वाट्याला. इयर सिक्समधलं मूल इयर एटला, म्हणजे ठरल्यापेक्षा एक वर्ष आधी अप्परला जाईल. इयर सेव्हनमधलं मूल वेळेवरच जाईल, पण त्याच दिवशी त्याच दारातून तीन वर्गांची मुलं आत शिरतील. अप्परच्या दृष्टीने तो सप्टेंबर म्हणजे एकाच मांडवात तीन लग्नं. वेळापत्रक, जेवणाची वेळ, वर्गशिक्षक, सगळ्यावर ताण.

प्रत्येक भागात तक्ता वेगळा असतो. काही ठिकाणी मिडलच सेकंडरी किंवा प्रायमरी होते, काही ठिकाणी ती एकेक वर्ग कमी करत विझते. पण शेवटची तुकडी नावाची गोष्ट जवळजवळ सगळीकडे असते. तुमचं मूल तीत असेल तर पुढच्या प्रश्नांत तुम्ही इतरांपेक्षा जास्त आग्रही राहा.

पहिला प्रश्न शिक्षकांचा. शाळा बंद होणार हे जाहीर झालं की चांगले शिक्षक दुसरीकडे अर्ज करू लागतात. त्यांनाही घराचे हप्ते आहेत. इथे शिक्षकांच्या राजीनाम्याच्या तारखा साधारण ठरलेल्या असतात: ३१ ऑक्टोबर, फेब्रुवारीअखेर आणि ३१ मे. सप्टेंबरात वर्गावर कोण असेल ते ३१ मे उलटल्यावर बऱ्यापैकी स्पष्ट होतं. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात हेडना ईमेल करा आणि गणित, विज्ञान, इंग्रजी या तीन विषयांना कायमचे शिक्षक आहेत की सप्लायवर, म्हणजे बदली शिक्षकांवर, भागवणार, एवढंच विचारा. कौन्सिलने शिक्षकांना शाळा बंद होईपर्यंत थांबवण्यासाठी काही योजना केली आहे का, हा प्रश्न त्याच्या बराच आधी, कन्सल्टेशनच्या काळात विचारायचा.

दुसरा प्रश्न पैशांचा. शाळेला सरकारी पैसा मुलांच्या डोक्यामागे मिळतो आणि हा हिशेब आधीच्या ऑक्टोबरच्या पटावर होतो. सप्टेंबरात साठ मुलं वाढली तरी त्यांचा पैसा मागाहून येतो, आणि पट घटणाऱ्या मिडलचं बजेट मुलांबरोबर आटत जातं. ही दरी भरून काढायला कौन्सिलकडे मार्ग असतात. आपण विचारायचं ते इतकंच: शेवटच्या वर्षी मिडलच्या खर्चाची हमी कोण घेतंय? उत्तरात आकडा आला तर ठीक. ‘आम्ही शाळांसोबत काम करत आहोत’ एवढंच आलं तर अजून काही ठरलेलं नाही, असं समजा.

तिसरा इमारतीचा, आणि इथे आया जास्त नेमकं पाहतात. फर्स्ट स्कूलमधली बेसिनं गुडघ्याच्या थोडी वर असतात, कोट अडकवायचे हूक कमरेइतके, हॉलमधल्या खुर्च्या बुटक्या. दहा-अकरा वर्षांची उंच मुलगी तिथे दोन वर्षं काढणार. नियम असा आहे की आठ वर्षांवरच्या मुलामुलींसाठी स्वच्छतागृहं वेगळी हवीत, नाहीतर एकेकट्याने वापरायची, आतून कडी लागणारी हवीत. आणि वर्षाच्या सुरुवातीला अकरा पूर्ण असलेल्यांना खेळाच्या तासासाठी कपडे बदलायची जागा आणि शॉवर हवेत. मिडल स्कूलमध्ये हे आधीच असतं. प्रायमरीत इयर सिक्सची मुलं वर्षाच्या सुरुवातीला दहाच वर्षांची असतात, तेव्हा कायद्याने कपडे बदलायची वेगळी खोली बंधनकारक नाही. काही मुलींची पाळी इयर फाइव्ह-सिक्समध्येच सुरू होते. आजवर आठ-नऊ वर्षांपर्यंतचीच मुलं सांभाळलेल्या शाळेत त्यासाठी कचऱ्याचा बंद डबा, पॅड आणि विश्वासाने बोलता येईल अशी बाई आहे का, हे विचारायला संकोच करू नका. विचारलं की डबा येतो. न विचारता तो कधी येईल, सांगता येत नाही.

आणि वर्गखोल्या. दोन नवे वर्ग कुठे बसणार? पक्कं बांधकाम, की मैदानाच्या कडेला पोर्टाकॅबिन? काम सप्टेंबरपूर्वी पुरं नाही झालं तर काय? रिसेप्शन ते इयर टू या वर्गांत तीसची कायदेशीर मर्यादा असते, त्यावर नसते. खेड्यातल्या लहान शाळेत इयर फाइव्ह आणि सिक्स एकाच खोलीत बसवले जाण्याची शक्यता बरीच. ते वाईटच असतं असं नाही, पण आधी माहीत असावं.

इमारतीच्या पैशांवरून बदल कसा रखडतो, याचं बेडफर्ड हे उदाहरण आहे. तिथे दोन स्तरांचा बेत शाळाबांधणीच्या केंद्र सरकारच्या योजनेवर अवलंबून होता. २०१० मध्ये ती योजना रद्द झाली आणि बेत अडला. पुढे शाळा एकेक करून आपला वयोगट बदलत गेल्या. अशा वेळी एका रस्त्यावरचं मूल इयर फाइव्हला जुन्याच शाळेत राहतं आणि शेजारचं मिडलला जातं. तेव्हा तुमच्या भागातला बदल एकदम होणार आहे की शाळागणिक, हे पक्कं करून घ्या. शाळागणिक असेल तर कौन्सिलच्या तक्त्यावर न थांबता तुमच्या शाळेचा आणि ती ज्या ट्रस्टची असेल त्या ट्रस्टचा कागद मागा.

निर्णय कोण घेतं हेही शाळेच्या प्रकारावर ठरतं. कौन्सिलच्या शाळा बंद करायच्या तर आधी सल्लामसलत, मग अधिकृत प्रस्ताव प्रसिद्ध, मग चार आठवडे हरकती आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत निर्णय, असा क्रम आहे. प्रस्तावाची सूचना स्थानिक वर्तमानपत्रात येते आणि अनेकदा शाळेच्या फाटकावरही लागते: प्लॅस्टिकमध्ये घातलेला, बारीक टायपाचा एक कागद, ज्याच्यासमोरून सकाळी पावणेनऊला शंभर ढकलगाड्या जातात आणि कुणी थांबत नाही. तुम्ही थांबा, फोटो काढा. हरकतींची शेवटची तारीख त्यावर असते. शाळा अकॅडमी, म्हणजे कौन्सिलऐवजी ट्रस्टने चालवलेली असेल तर अंतिम मान्यता केंद्राच्या शिक्षण विभागाकडून येते, कौन्सिलकडून नाही. चर्चची शाळा असेल तर डायोसिसचंही म्हणणं असतं. चुकीच्या दारावर तक्रार घेऊन गेलात तर महिना फुकट जातो.

बरेच पालक पहिल्या टप्प्यावर, सल्लामसलतीत, भरभरून लिहितात आणि चार आठवड्यांच्या हरकतींच्या वेळी ‘आम्ही सांगितलंय की’ म्हणून गप्प राहतात. तसं करू नका. पहिलं म्हणणं पहिल्या टप्प्यापुरतं. अधिकृत प्रस्तावावर पुन्हा लिहावं लागतं.

काय लिहायचं? ग्रुपवर फिरणारा तयार मजकूर नको. एकसारखी दोनशे पत्रं एकाच मुद्द्यात गुंडाळली जातात. आपलं छोटं पत्र असं असावं: ‘माझी मुलगी सध्या इयर फाइव्हमध्ये आहे. तुमच्या तक्त्याप्रमाणे ती मिडलच्या शेवटच्या तुकडीत येते. तिच्या इयर सिक्सच्या वर्षात गणिताला कायमचे शिक्षक असतील याची काय व्यवस्था आहे? आम्ही अप्परपासून चार मैलांवर राहतो. इयर सेव्हनला तिला बस मिळेल का, आणि मिळणार असेल तर थांबा कुठे?’ पाठिंबा की विरोध, ते एका ओळीत. बाकी प्रश्न. अशा पत्राला नेमकं उत्तर मिळण्याची शक्यता जास्त, आणि ते लेखी उत्तर तुमच्या कामाचं असतं. सभेला जात असाल तर दोनच प्रश्न ठरवून जा, आणि कौन्सिलच्या माणसांनी तोंडी दिलेलं आश्वासन त्याच रात्री ईमेलने त्यांनाच परत लिहून पाठवा: ‘आज आपण असं म्हणालात, माझं बरोबर समजलं ना?’ इंग्रजी अडखळतं म्हणून बोलायचं टाळू नका. सभेत अडखळत विचारलेल्या प्रश्नाची नोंदही नोंदच असते.

बसचा मुद्दा वर आला तो सहज नाही. सॉमरसेटमध्ये क्रूकर्न आणि इल्मिन्स्टर या दोन गावांत २०२२ च्या सप्टेंबरात तीनाचे दोन स्तर झाले. इल्मिन्स्टरची ग्रीनफील्ड ही फर्स्ट आणि स्वानमीड ही मिडल मिळून हर्न व्ह्यू ही प्रायमरी झाली. क्रूकर्नची वॉडम स्कूल अकराव्या वर्षापासून मुलं घेऊ लागली. म्हणजे इल्मिन्स्टरचं जे मूल तेराव्या वर्षापर्यंत गावातच शिकत असे, त्याला आता अकराव्या वर्षी आठेक मैलांवरच्या क्रूकर्नला जावं लागतं. नकाशावर ही एक रेघ. घरात मात्र त्याचा अर्थ सकाळ अर्धा-पाऊण तास आधी सुरू होणं, संध्याकाळच्या क्लबनंतर कुणीतरी गाडी घेऊन जाणं. मोफत बसचा नियम असा: आठ वर्षांखालच्या मुलाची जवळची योग्य शाळा दोन मैलांपलीकडे असेल, किंवा त्यावरच्या वयाला तीन मैलांपलीकडे, तर कौन्सिल वाहतूक देते. ‘जवळची योग्य’ हे शब्द लक्षात ठेवा. तुम्ही आवडीने लांबची शाळा निवडलीत तर हा हक्क सहसा जातो. बदलानंतर जवळची शाळा कुठली हेच बदलू शकतं, तेव्हा आज बस मिळते म्हणून उद्याही मिळेल असं धरू नका.

प्रवेशाच्या अर्जांबद्दल. फर्स्टची प्रायमरी झाल्यावर इयर फोरचं मूल तिथेच राहणार असेल तर त्यासाठी अर्ज लागत नाही. इयर सेव्हनसाठी मात्र अर्ज लागतो आणि त्याची मुदत आदल्या ३१ ऑक्टोबरला संपते. उत्तर १ मार्चला येतं. तीन स्तरांच्या गावात इयर सिक्सच्या पालकांना ऑक्टोबरात काही करायची सवय नसते, कारण मूल मिडलमध्येच राहत आलेलं असतं. बदलाच्या वर्षी नेमकी हीच मंडळी मुदत चुकवतात. मिडल बंद होताना सगळ्यांना एकदम अप्परला नेणार असतील तरी ‘आपोआप’ या शब्दावर विसंबू नका. अर्ज लागतो का, कुठला, कधीपर्यंत, हे कौन्सिलच्या ॲडमिशन विभागाकडून लेखी घ्या. भावंडांचा अग्रक्रम आणि कॅचमेंटची, म्हणजे शाळेच्या प्रवेशक्षेत्राची, हद्द दोन्ही याच सुमारास बदलू शकतात. मोठा मुलगा मिडलमध्ये म्हणून धाकटीला तिथे जागा, हा हिशेब शाळाच उरली नाही तर संपतो. जागा नाकारली गेली तर अपिलासाठी निदान वीस शालेय दिवसांची मुदत द्यावी लागते.

मुलाला विशेष गरजांसाठीचा ईएचसी प्लॅन असेल तर त्याचा मार्ग सर्वसाधारण प्रवेशापासून वेगळा आहे. प्लॅनमध्ये शाळेचं नाव लिहिलेलं असतं. मूल एका टप्प्यातून दुसऱ्यात जायच्या वर्षी कौन्सिलने १५ फेब्रुवारीपर्यंत प्लॅन तपासून पुढच्या शाळेचं नाव घालायचं असतं, आणि ते न पटल्यास ट्रायब्युनलकडे अपील करता येतं. रचना बदलताना टप्पेच सरकतात, त्यामुळे तुमच्या मुलाचं फेब्रुवारीचं वर्ष पुढेमागे होऊ शकतं. ऑटिझम असलेल्या मुलाला नवी इमारत, नवे आवाज, नवी माणसं यांची सवय व्हायला महिने लागतात. शरद ऋतूतच पुनरावलोकनाची बैठक मागा आणि पुढच्या शाळेची माणसं त्या बैठकीला असावीत असा आग्रह धरा.

इलेव्हन प्लस या ग्रामर स्कूलच्या प्रवेशपरीक्षेबद्दल न लिहिता मराठी पालकांसाठीचा लेख पुरा व्हायचा नाही. काही भागांत ग्रामर स्कूल अजून आहेत, आणि त्या मुलं इयर सेव्हनला घेतात. विंडसरसारख्या तीन स्तरांच्या गावातून शेजारच्या स्लाउच्या ग्रामरला जायचं तर मूल मिडलच्या मध्यातूनच, दोन वर्षं झाली की बाहेर पडतं. दोन स्तरांच्या भागात हा प्रश्न उरत नाही, आणि काही पालकांना बदल हवा असतो तो यामुळेच. त्यात गैर काही नाही. पण शेवटच्या तुकडीतल्या मुलावर बंद होणारी शाळा, सॅट्स आणि इलेव्हन प्लसची शिकवणी हे तिन्ही एकाच वर्षी लादायचे का, हे घरात बसून ठरवा. ट्यूशनच्या मास्तरांना विचारून नको. त्यांचं उत्तर ठरलेलं आहे.

राहता राहिली घर बदलणारी मंडळी. आयटीचं कंत्राट किंवा एनएचएसची नवी नेमणूक यामुळे आपल्यातले अनेक जण दोन-तीन वर्षांनी गाव बदलतात. भाड्याच्या करारावर सही करण्याआधी त्या भागात दोन स्तर आहेत की तीन, आणि बदल जाहीर झालेला आहे का, हे कौन्सिलच्या संकेतस्थळावर पाहा. इयर सेव्हनला सेकंडरीत गेलेलं मूल तीन स्तरांच्या गावी गेलं की पुन्हा मिडलमध्ये बसतं आणि तेराव्या वर्षी परत शाळा बदलतं. उलट दिशेने, मिडलमध्ये इयर एट करणारी मुलगी नव्या गावात थेट सेकंडरीच्या दुसऱ्या वर्षात शिरते. मैत्रिणींचे गट तोवर जमलेले असतात. शक्य असेल तर असं स्थलांतर इयर सिक्सच्या किंवा इयर एटच्या शेवटी, उन्हाळ्यात करा. ते जमणार नसेल तर निदान घराच्या पत्त्यासोबत मिळणाऱ्या शाळेला आधी फोन करून इयर ग्रुपमध्ये जागा आहे का ते विचारा. मधल्या वर्षातल्या प्रवेशाला ऑक्टोबरची मुदत नसते. जागा रिकामी असली की मिळते, नसली की प्रतीक्षायादी. आणि बदल सुरू असलेल्या भागात ती यादी दर सप्टेंबरला वेगळी दिसते, म्हणून गेल्या वर्षी तिथे गेलेल्या मित्राच्या माहितीवर न जाता फोन स्वतः करा.